इंटरव्ह्यूच्या पर्सनॅलिटी टेस्टमध्ये "इंट्रोव्हर्ट" आलं, ह्या टेस्ट कितपत खऱ्या?

तुम्ही विचारलंय की पुण्यातल्या एका कंपनीनं ऑनलाइन टेस्ट घेतली, वीस मिनिटात "इंट्रोव्हर्ट टाइप", म्हणजे अबोल, आपल्यातच राहणारा, असा रिपोर्ट आला आणि सेल्सची नोकरी गेली, तर मानसशास्त्रज्ञ स्वभाव असाच ओळखतात का. मी सोलापूरचीच, सायकॉलॉजीत एमए केलंय आणि बरीच वर्षं एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमच्या हाताखाली टेस्ट घेते, म्हणून लिहिते. असा एका टेस्टवरून शिक्का मारणं चूक आहे, तुमच्यावर अन्याय झाला असंच मला वाटतं.

आमच्याकडे आधी बोलणं होतं, तासभर तरी. घर, काम, झोप, कुणाशी पटतं, कुणाशी नाही, जमलं तर घरच्यांनाही विचारतो. टेस्ट नंतर, आणि ती सुद्धा बोलण्यातून जे वाटलं ते ताडून बघायला.

टेस्ट ढोबळमानानं दोन तऱ्हेच्या. एक प्रश्नावली. एमएमपीआय नावाची फार जुनी आहे, १९४३ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठानं छापली, तिची १९८९ ची सुधारित आवृत्ती ५६७ वाक्यांची, प्रत्येकाला खरं की खोटं एवढंच सांगायचं. तिच्यात लबाडी पकडायची सोय आहे, म्हणजे "मला कधी कधी राग येतो" अशा तऱ्हेच्या वाक्यांना कुणी सारखं खोटं खोटं म्हणत गेलं की कळतं हा स्वतःला चांगलं दाखवतोय. पण ती मुळात मानसिक आजाराचा अंदाज घ्यायला केलेली, नोकरीत कोण चमकेल ते सांगायला नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे चित्र दाखवून गोष्ट लिहायला लावणं किंवा शाईचे डाग दाखवून काय दिसतं विचारणं. डागांची टेस्ट रोर्शाक ह्या स्विस डॉक्टरांची, १९२१ ची, १० कार्डं असतात. विचारांची घडी विस्कटलेली असेल तर ती डागांतून दिसते हे बऱ्यापैकी सिद्ध झालंय, पण त्यावरून स्वभावाचं सगळं पान वाचता येतं ह्यावर माझा विश्वास नाही. चित्रांची टेस्ट आपल्या इकडच्या पोरांना एसएसबीमुळे, म्हणजे सैन्यात अधिकारी निवडायच्या मुलाखतीमुळे माहीत असते, ३० सेकंद चित्र बघायचं आणि ४ मिनिटात गोष्ट लिहायची. तिथं सुद्धा ग्रुप टास्क आणि इंटरव्ह्यू वेगळे असतातच, नुसत्या गोष्टींवर कुणाला घेत नाहीत.

आता भरवशाचं. टेस्ट परत दिली तर उत्तर तेच येतं का ही विश्वसनीयता, आणि जे मोजते म्हणते तेच मोजते का ही यथार्थता. कंपन्यांत चालणारी १६ टाइपवाली एमबीटीआय पहिल्याच ठिकाणी अडकते, थोड्या आठवड्यांनी परत दिली की बऱ्याच जणांचा टाइप बदलतो. कारण बहुतेक माणसं मधेच कुठंतरी असतात आणि ती मधोमध रेघ मारते, दहावीला ३५ ला पास ३४ ला नापास तसं. त्यापेक्षा बिग फाइव्ह बरी, ती टाइप पाडत नाही, पाच गुण कमी-जास्त किती ते सांगते. आणि त्या पाचात कामाशी सगळ्यात जास्त संबंध सापडतो तो नेटानं, जबाबदारीनं काम करण्याच्या गुणाचा, बडबडेपणाचा नाही, आणि तोही संबंध माफकच.

ह्याहून मोठी अडचण म्हणजे प्रमाणकं, म्हणजे तुमचा स्कोअर कुणाशी लावून बघितला. अशोक चौकाकडच्या एक मावशी आलेल्या, विड्या वळतात, घरात तेलुगू, बाहेर मराठी. प्रश्नावली भाषांतर केलेली, त्यात "मला पार्टीला जायला आवडतं" असं होतं. त्या घाबरून म्हणाल्या, नाही बाई, आम्ही तसले नाही. पार्टी म्हणजे त्यांच्या लेखी दारू. असल्या पाच-सहा वाक्यांवर नाही नाही झालं आणि स्कोअर आला एकदम अबोल, एकलकोंडा. आणि ह्याच बाई गल्लीतली भिशी चालवतात, कुणाचं लग्न असो की दवाखाना, पहिल्या ह्याच पुढे, गड्ड्याच्या जत्रेला अख्खी गल्ली घेऊन जातात! मॅडमनी तो स्कोअर रिपोर्टात धरलाच नाही, बोलण्यातलं लिहिलं. ऑनलाइन टेस्टमध्ये मॅडम नसतात हो, आकडा निघाला की तोच खरा.

आणखी एक, रिपोर्ट वाचून "अरे हे तर हुबेहूब मीच" वाटलं म्हणून टेस्ट खरी ठरत नाही. १९४८ मध्ये फोरर नावाच्या प्राध्यापकांनी ३९ विद्यार्थ्यांची टेस्ट घेतली आणि सगळ्यांना गुपचूप एकच वर्णन वाटलं, बरंचसं राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेलं. पोरांनी ५ पैकी सरासरी ४.२६ मार्क दिले. बोटांचे ठसे घेऊन मुलांचा स्वभाव आणि करिअर सांगणारी डीएमआयटी आपल्याकडेही पालकांना विकतात, ती तर ह्याहून वाईट, तिला शास्त्रीय आधार नाही, तिच्यावर पैसे घालू नका.

तुम्ही एवढं करा, कंपनीला मेल टाकून टेस्टचं नाव विचारा, आणि तिची प्रमाणकं भारतातल्या लोकांवर काढलीयत का ते पण. पुढच्या इंटरव्ह्यूत परत टेस्ट दिली तर सेल्सला काय हवं असेल ते ओळखून उत्तरं देऊ नका, तुमचं आहे तेच लिहा, आणि "शांत आहात, गिऱ्हाइकाशी कसं बोलाल" असं विचारलं तर तुम्ही खरंच कुणाला काही विकलं असेल, दुकानात बसला असाल, कॉलेजच्या कार्यक्रमाला वर्गणी गोळा केली असेल, ते तारीखवार सांगा. खरंच स्वभाव तपासून घ्यायचा असेल तर आरसीआयची (भारतीय पुनर्वसन परिषदेची) नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा, नोंदणी नंबर विचारायला लाजू नका.