शुश्रूषा: पहिला उकार ऱ्हस्व, दुसरा दीर्घ

प्रश्न: द्वेषातून झालेल्या हल्ल्यात जखमी झालेल्याची परिचारिका करते ती 'सुश्रुषा' की 'शुश्रूषा'? की सरळ 'परिचर्या' म्हणावे?

'सुश्रुषा' असा शब्दच नाही, तरी बातम्यांत रोज दिसतो. घोळ बहुधा सुश्रुतामुळे झाला असावा. सुश्रुतातला 'सु' उपसर्ग आहे. शुश्रूषेतला 'शु' म्हणजे 'श्रु' धातूचे द्वित्व. इच्छा दाखवणाऱ्या सन् प्रत्ययापुढे धातूचा स्वर दीर्घ होतो, म्हणून 'श्रू'. 'ज्ञा'पासून जिज्ञासा, 'पा'पासून पिपासा, तशी 'श्रु'पासून शुश्रूषा. अर्थ काय, तर ऐकण्याची इच्छा! रुग्णसेवेला याहून नेमका शब्द मला माहीत नाही.

अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या समानार्थी कोशात, शुश्रूषा आणि परिचर्या शेजारी-शेजारी आहेत, त्यावर बोट ठेवून पुष्कळ जण 'सेवा' या अर्थापाशी थांबतात. व्युत्पत्ती सांगणारेही 'आज्ञा ऐकणे, म्हणून सेवा' असे म्हणतात. रुग्णालयात हे मला साफ अमान्य आहे. तिथे ऐकायचे ते रुग्णाचे.

मारहाण द्वेषमूलक ठरते हेतूवरून, आणि हेतू जखमेत दिसत नाही. मारताना उच्चारलेल्या शब्दांत तो सापडतो. म्हणून सोबतच्यांना बाहेर थांबवून विचारावे, "मारताना ते काय म्हणत होते?" दुभाषी लागला तर नातेवाईक नको. उत्तर रुग्णाच्याच शब्दांत, शिवीसकट, अवतरणचिन्हांत आणि वेळ घालून लिहावे. 'अपमानास्पद भाषा वापरली' असा सारांश केला की पुरावाच पुसला जातो. 'कथित मारहाण', 'रुग्णाचा दावा' हेही नको; त्यातून अविश्वास डोकावतो. 'रुग्ण सांगतो' एवढे पुरे.

बाकीच्या नोंदीही तितक्याच काटेकोर हव्यात. रक्तस्राव थांबवणे अर्थात पहिले. मग संमती घेऊन, शक्यतो जखम धुण्यापूर्वी, मोजपट्टी ठेवून फोटो. लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, जागा शरीराच्या आकृतीवर. काळ्या-निळ्या डागाचा रंग लिहावा, पण रंगावरून तो किती दिवसांचा हे ठरवू नये. तो अंदाज भरवशाचा नसतो. कपडे कापताना फाटलेल्या किंवा भोक पडलेल्या जागेतून कात्री नेऊ नये. प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत ठेवावा. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी धरते आणि रक्ताचे डाग तपासणीला निकामी होतात.

राहिला 'परिचर्या'. परि + चर्, भोवती वावरणे. शब्द बरोबर आहे, मलमपट्टीपुरता जरूर वापरा.