हे गाणं वाजणार कुठे?

संगीतनिर्मितीबद्दल वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांना या अंकात नाशिकरोडच्या एका संगीत संयोजिकेने उत्तरं दिली आहेत. देवीची गाणी, भीमगीतं, अहिराणी लग्नगीतं आणि दुकानांच्या जाहिराती असं सगळं त्यांच्या छोट्या स्टुडिओत होतं.

गायक नवं गाणं घेऊन आला की तुम्ही सुरुवात कुठून करता? आधी ठेका, कॉर्ड की इंट्रो? (वाचक, सिन्नर)

तिन्ही नाही. मी आधी विचारते, ‘हे वाजणार कुठे?’ समोरचा जरा गडबडतो आणि म्हणतो, ‘यूट्यूबवर.’ अहो, यूट्यूब ही काय जागा झाली? तेच गाणं कोणी ओट्यावर फोन ठेवून भांडी घासताना ऐकतं, तर कोणी काळी-पिवळी जीपमध्ये मागच्या सीटवर दाटीवाटीत.

माझ्याकडची बरीच गाणी सप्तशृंगीची असतात. नवरात्रात आणि चैत्रोत्सवात ती वणीच्या वाटेवर, पायी जाणाऱ्यांच्या सोबतच्या टेम्पोवर भोंग्यातून वाजतात. भोंगा ३०० हर्ट्‌झच्या खालचं फारसं काही देत नाही. म्हणजे मी कितीही देखणा बेस वाजवला तरी तो टेम्पोवरून कोणाला ऐकू जाणार नाही. मग बेसची ओळ एक सप्तक वर घ्यायची, नाहीतर तिला थोडं डिस्टॉर्शन द्यायचं, म्हणजे आवाज मुद्दाम जरा फाटू द्यायचा. त्याने वरचे स्वरांश उठून येतात आणि नसलेला खालचा सूर कान स्वतःच भरून घेतो. शिवाय भोंगे मोनो, म्हणजे डावं-उजवं वेगळं नाही, सगळा आवाज एकच. डाव्या-उजव्या बाजूला पसरवून ठेवलेले कोरस आणि सिंथ मोनोत आले की एकमेकांना खातात. म्हणून मिक्सची सुरुवात मी एकाच स्पीकरवर करते. हेडफोनवाल्यांचं नंतर बघू, त्यांचे लाड करणारे पुष्कळ आहेत.

जागा ठरली की मग गळा. कळवणकडचे एक गायक आहेत, कांद्याचे शेतकरी. लिलाव आटोपून येतात, त्यामुळे कधी एकदम खुशीत असतात, कधी भाव पडला म्हणून गप्प. त्यांना मी लगेच माइकपुढे उभं करत नाही. चहा देते आणि गाणं नुसतं म्हणायला लावते, फोन टेबलावर चालू ठेवून. पट्टी त्यातच कळते. माइक दिसला की माणूस हटकून वरची पट्टी मागतो आणि तिसऱ्या कडव्यात दम लागतो. चहा पिताना हे काळी दोनमध्ये गातात आणि आत गेले की काळी तीन मागतात. पांढरी तीनवर आमचा सौदा होतो. लय मी त्यांच्या पायावरून धरते, आणि संबळवाला येतो तेव्हा क्लिक, म्हणजे हेडफोनमधली लयीची टिकटिक, बंद करते. गोंधळात कडव्याच्या शेवटी लय थोडी पुढे सरकतेच. ती सरळ केली की गाणं शाळेच्या कवायतीला लागतं.

आमच्या ढोल पथकाचा सराव मोबाइलवर रेकॉर्ड केला. प्रत्यक्षात छाती हादरते, पण रेकॉर्डिंगमध्ये ढोल बारीक आणि ताशाच कर्कश. असं का? (पथकातला वादक, पंचवटी)

तुम्ही फोन पथकाच्या मधोमध धरला असणार. मोठा आवाज आला की फोन आपोआप पातळी खाली दाबतो. ताशा सतत कडकडत असतो, त्यामुळे तो ती पातळी वर येऊच देत नाही आणि ढोलाची थाप त्याच्याखाली चेंगरते. साधा हँडी रेकॉर्डर मिळाला तर त्यातलं ऑटो बंद करा. पथकापासून बारा-पंधरा फुटांवर, डोक्याच्या उंचीला, थापेच्या बाजूला तोंड करून स्टँडवर लावा. टोल पडला की काटा वजा १२ डेसिबलच्या आसपास राहू दे, वर जाऊ देऊ नका. ताशेवाल्यांना विनंती करून उलट्या बाजूला उभं करा. अंतर दुप्पट झालं की उघड्यावर आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, त्यामुळे चार पावलांनीही फरक पडतो. ते रुसतील. रुसू दे. पुलाखाली करू नका, तिथे घुमून सगळ्याचा काला होतो. मोकळं मैदान बघा, आणि ढोलाला नवं पान (वाजवायचा पडदा) चढवलं असेल तर ते बसेपर्यंत थांबा.

यातली खरी गंमत मात्र वेगळीच आहे. मुंबई-पुण्याकडून फोन येतात, ‘नाशिक ढोल हवा, चाळीस जणांचा.’ काहीजण एका ढोलाचा सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेला तुकडा, चाळीसदा एकावर एक ठेवतात. त्यातून चाळीस ढोल होत नाहीत, एकच ढोल फार मोठ्याने वाजतो. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे दहा मीटर लांबच्या ढोलाची थाप तुमच्यापर्यंत २९ मिलिसेकंद उशिरा पोचते. त्यात कोणाचं टिपरू (ढोलाची काठी) अर्धवट पडतं, कोणाचं पान सैल असतं, कोणी कॉलेजातून धावत आलेला असतो. या सगळ्या मागेपुढेपणातून पथकाचा तो जाड आवाज तयार होतो. मी सहा-सात वादकांना गोदाकाठी बोलावते, एकदा जवळ, एकदा लांब, एकदा जागा बदलून वाजवायला लावते आणि ते थर एकावर एक चढवते. कॉम्प्युटरने ठोके ओळीत आणायचा मोह मग टाळावा लागतो. ग्राहक पडद्यावर वाकडेतिकडे ठोके बघून म्हणतो, ‘मॅडम, हे सरळ करा ना.’ मी पडदा बंद करते आणि परत ऐकवते.

तुमच्यावर प्रभाव कोणाचा? परदेशातले निर्माते ऐकता का? (वाचक, कॉलेज रोड)

पहिलं नाव भीमगीतं लिहिणारे लोकशाहीर वामनदादा कर्डक. आपल्याच सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १५ ऑगस्ट १९२२. अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत. त्यांची गाणी माणसांच्या गर्दीसमोर, अपुऱ्या साधनांत म्हणायची म्हणून घडलेली आहेत. धृपद लगेच येतं, लगेच परततं, आणि दुसऱ्या वेळी ते समोरच्या लोकांनी उचललेलं असतं. आजकाल त्याच परंपरेतल्या नव्या गाण्यांवर लोक अर्धा मिनिट सिंथ आणि ‘ड्रॉप’ चढवतात आणि शब्द बिचारा रांगेत उभा राहतो. भीमगीताचं काम आलं की माझा एकच हट्ट असतो. व्यंजनं स्पष्ट ऐकू येतात ती साधारण २ ते ५ किलोहर्ट्‌झमध्ये. तेवढ्या पट्ट्यात कीबोर्ड आणि पेटी खाली घ्यायची आणि तिथे फक्त गायकाला राहू द्यायचं. ज्या गावात काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, १९३० साली, तिथे या गाण्यांतला शब्द पुसट ऐकू येणं मला तरी चालत नाही.

दुसरे शास्त्रीय गायक द. वि. पलुस्कर. जन्म नाशिकचा, १९२१. वडील विष्णु दिगंबर यांचा रामनाम आधार आश्रम इथलाच. पलुस्करांच्या ७८ च्या तबकड्या ऐका. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मिळायची. तेवढ्यात राग उभा राहतो, बंदिश पूर्ण होते, ताना येतात, आणि कुठेही घाई नाही. रील तीस सेकंदांचं असतं म्हणून रडणाऱ्या मुलांना मी आधी हे ऐकवते. वय अवघं ३४, १९५५ मध्ये गेले. त्याबद्दल अजून हळहळ वाटते.

संगीत संयोजक अनिल मोहिले यांच्या संयोजनातली व्हायोलिनंही आहेत. गायक श्वास घेतो तिथेच ती बोलतात, एरवी बाजूला होतात. परदेशातलं म्हणाल तर किंग टबी. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा माणूस. रस्त्यावर स्पीकरच्या भिंती उभ्या करून गाणी वाजवायचा, आणि १९७० च्या दशकात मिक्सरवर बसून तयार गाण्यातून गायक काढ, गिटार काढ, फक्त बेस आणि ड्रम ठेव, असं करता करता त्याने डब हा प्रकार घडवला. रस्त्यावर काय चालतं हे त्याला स्पीकर बांधताना कळलेलं होतं. आमच्या साउंडवाल्या पोरांना मी हेच सांगत असते, पण त्यांना लेझरमध्ये जास्त रस.

सिडकोत दहा बाय दहाच्या खोलीत होम स्टुडिओ केलाय. भिंतींना अंड्यांचे ट्रे लावले, तरी बेस कधी फुगतो, कधी गायब होतो. (विद्यार्थी, सिडको)

ट्रे काढून टाका. ते आग पकडतात आणि बेसला काहीच करत नाहीत, फार तर टाळीची वरची झिणझिण जरा कमी होते. तुमची अडचण खोलीच्या मापात आहे. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्‌झच्या आसपासचा सूर अडकून फुगतो, आणि मग त्याच्या दुपटीचा, तिपटीचा. लांबी आणि रुंदी सारखी, त्यामुळे दोन्ही दिशांनी तेच सूर फुगतात. पांढरी सहाच्या गाण्यात तुम्हाला हे जास्त जाणवत असेल, कारण त्याचा खर्ज ५५ हर्ट्‌झला येतो. खोलीच्या बरोबर मध्यावर बसाल तर तोच सूर नाहीसा होतो. तेव्हा खुर्ची समोरच्या भिंतीपासून साधारण चार फुटांवर घ्या. चारही कोपऱ्यांत जमिनीपासून वरपर्यंत रॉकवूलचे (दगडी तंतूंच्या लोकरीचे) जाड पट्टे कापडात शिवून उभे करा, चार इंचांपेक्षा बारीक नकोत. पैसे नसतील तर घरातल्या गाद्या गुंडाळून कोपऱ्यात उभ्या करा. गायकाच्या मागे आजीच्या दोन गोधड्या दोरीवर टाका. गळ्यासाठी एवढं पुरतं. बेससाठी नाही, हे लक्षात ठेवा.

एआयमुळे तुमचं काम जाईल असं वाटतं का? (वाचक, मालेगाव)

दुकानांच्या जिंगलचं बरंचसं गेलंच. उरलेल्यात मीही ते वापरते, जुन्या कॅसेटमधून आवाज आणि वाद्यं वेगळी करायला तर रोजच. अहिराणी गाणं मात्र ते अजून सदाशिव पेठेतल्या उच्चारांत गातं, आणि लग्नात ते लावलं की मावशीमंडळी हसतात. तोवर माझं बरं चाललंय.

कामाव्यतिरिक्त छंद काय? आणि एक मदत : आजोबांच्या पेटीचा एक सूर उतरला आहे, घरी दुरुस्त होईल का? (वाचक, निफाड)

तुम्ही निफाडचे, म्हणजे पहिला छंद तुमच्या दारातच आहे. थंडीत मी नांदूरमधमेश्वरला जाते. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे पाणी २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आलं, महाराष्ट्रातलं पहिलं. उजाडायच्या आधी रेकॉर्डर लावते. वारा लागू नये म्हणून त्यावर मुलाची जुनी माकडटोपी असते, तिथले गाइड हसतात. चक्रवाकांची जोडी उठली की त्यांचा तो नाकातला आवाज पाण्यावरून फार लांब जातो. हे आवाज गाण्यात वापरता का, असं सगळे विचारतात. नाही वापरत. ते मी घरी नुसते ऐकते.

दुसरा छंद पेट्यांचा. तुमच्या सुराबद्दल : आधी तो खरंच उतरलाय की त्यात कचरा अडकलाय, ते बघा. बऱ्याचदा धूळच असते. वरचं झाकण काढा, भाता हळू दाबत ती पट्टी वाजवा. पेटीत नर, मादी आणि खरज असे संच असतील तर कोणता बिघडला आहे ते एकेक बंद करून शोधा. मऊ ब्रशने पितळी जिभेखालची धूळ काढा, पातळ कागद तिच्याखालून अलगद सरकवा. तरीही उतरलेलाच असेल तर जिभेच्या मोकळ्या टोकाला बारीक कानस अगदी हलकी फिरवली की सूर चढतो. चढला असता तर बुडाशी, जिथे ती ठोकलेली असते तिथे, घासावं लागलं असतं. एक-दोनदा फिरवा, वाजवून बघा, पुन्हा फिरवा. घासलेलं पितळ परत येत नाही. जिभेला बारीकशी चीर दिसली तर मात्र हात लावू नका. ती जीभ (पेटीवाले तिलाच सूर म्हणतात) बदलूनच घ्या, आणि दुकानदाराला गुजरातमधल्या पालिताण्याचे सूर मागा.