मार्चमधली टर्की ऐकायची तर

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात नवीन आहात, तर आधी पहाटे उठायची तयारी ठेवा. रानटर्की या मोठ्या रानपक्ष्याचा नर उजाडायच्या आधी, रातथाऱ्याच्या झाडावरूनच आरवायला लागतो. वारा पडलेला, आभाळ मोकळं, अशी सकाळ निवडा. वाऱ्यापावसात फार काही कानावर पडणार नाही. कधी घुबडाच्या घुमण्याला किंवा ढगांच्या गडगडाटालाही तो दणकून उत्तर देतो. (हा प्रकार ऐकताना हसू आवरत नाही.)

दिवस मोठा होऊ लागला की नराला जोर चढतो, पण माद्या अजून तयार नसतात. म्हणून सुरुवातीला आरडाओरडा खूप आणि मीलन कमी. नंतर माद्या जवळ आल्या की नर एकदम गप्प होतो. तेव्हा पक्षी जागा सोडून गेले असं समजू नका. माद्या अंड्यांवर बसल्या की एकटे पडलेले नर पुन्हा आरवू लागतात.

नर झाडावरून खाली उतरल्यावर त्याच्या शेपटीचा पंखा, जमिनीला घासणारे पंख आणि लाल-पांढरं-निळं होणारं डोकं दुर्बिणीतून बघा. शेपटीची मधली पिसं बाकीच्यांपेक्षा लांब दिसली तर तो वर्षभराचा पोरगा. दोन नर शेजारी-शेजारी पिसारा फुलवून दिसले तर बहुधा भाऊ असतात. मीलन मात्र वरचढ असेल त्याचंच.

एप्रिलच्या मध्यानंतर झुडपांत शिरू नका. घरटं जमिनीवरच असतं, आणि दहा-बारा अंडी उबवायला मादीला साधारण २८ दिवस लागतात. उठवलीत तर ती घरटं कायमचं सोडूही शकते.