गुडघ्याखालची उशी आजच काढा

दादा, तुमचा प्रश्न वाचला. आईंचा गुडघा बदलून 12 दिवस झाले, 70 अंशांच्या वर वाकत नाही, फिजिओ आले की त्या रडतात, आत्या म्हणतात आराम करू द्या बिचारीला, आणि गुडघ्याखाली जाड उशी ठेवली की बरं वाटते म्हणून दिवसरात्र उशी आहे. माझे दोन्ही गुडघे बदललेले आहेत, आधी उजवा मग डावा, त्यामुळे हे दुखणं मला चांगलं माहीत आहे.

70 वरून इतक्यात घाबरू नका, 90 पर्यंत यायला कोणाला दोन आठवडे लागतात कोणाला जास्त. मला काळजी वाटून राहिली ती उशीची. सगळे विचारतात वाकतो किती, पण सरळ किती होतो हे कोणी पाहतच नाही. सुजलेला गुडघा थोडा वाकवून ठेवला की आत जागा होते, म्हणून आराम पडते, पण तसाच राहिला तर मागच्या बाजूने आखडते आणि मग माणूस कायम वाकलेल्या गुडघ्यावर चालते, मांडी थकते, कंबर धरते. वाकणं महिनोन्महिने हळूहळू सुधारत राहते, पण सरळ व्हायचं राहून गेलं तर नंतर फार जड जाते. तेव्हा उशी काढा. ठेवायचीच असेल तर टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघा अधांतरी राहू द्या, पाच-दहा मिनिटं, दिवसातून चारदा तरी.

घरीच पाहता येते. आईंना पलंगावर पाय लांब करून झोपवा, गुडघ्याच्या मागे तुमचा तळहात सरकवा आणि म्हणा, माझा हात दाबा. मांडीचा स्नायू कडक होऊन हात दाबला जातो का पहा. नाही दाबला तर हाच व्यायाम, दाबून पाचपर्यंत मोजायचं नं सोडायचं. वाकवण्यासाठी टाचेखाली साधी पॉलिथिनची पिशवी ठेवा, चादरीवर टाच मस्त सरकते आणि जोर कमी लागतो.

रडण्याचं म्हणाल तर फिजिओ यायच्या अर्धा-पाऊण तास आधी दुखायची गोळी द्या (डॉक्टरांनी लिहिलेलीच, वेळ तेवढी त्यांना विचारून जुळवा) आणि व्यायाम झाला की बर्फ, रुमालात गुंडाळून 15-20 मिनिटं. दुखत असताना व्यायाम नको म्हणून बंद ठेवला की दुसऱ्या दिवशी आणखी कडक होते, अन् मग आणखी दुखते. आत्यांना प्रेमाने सांगा की आराम म्हणजे व्यायामाच्या मधला आराम. आणि भेटायला येणाऱ्यांसाठी आईंना तासन्‌तास खुर्चीत पाय लोंबकळत बसवू नका, त्यानेच संध्याकाळी पाय सुजून येते. अर्धा तास झाला की वॉकर घेऊन एक चक्कर, मग आडवं पडून पाय वर.

आता आपल्या नागपूरचं. उन्हाळ्यात कूलरशिवाय जमत नाही, पण कूलरजवळची ओली फरशी आणि पाण्याचा पाइप वॉकरवाल्या माणसासाठी फार धोक्याचा, ती वाट आधी मोकळी करा. पायपुसणी, सतरंज्या उचला. कमोड उंच करून घ्या, बाजूला पकडायला दांडा लावा. पायऱ्या चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा. तिळाचं तेल, हळद, गरम शेक, हे सगळं कोणी ना कोणी घेऊन येईलच, जखमेवर काहीही लावू देऊ नका.

आणि हे नीट लक्षात ठेवा. पोटरी एकाएकी दुखायला लागली, सुजली, गरम लागली तर चोळून द्यायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, आत रक्ताची गाठ असू शकते. दम लागला किंवा छातीत दुखलं तर सरळ इमर्जन्सीत न्या. ताप, जखमेतून पाणी किंवा पू, वाढत जाणारा लालपणा, याला वाट पाहत बसू नका. आईंना शुगर असेल तर ती रोज तपासा, शुगर वाढली की जखम लवकर भरत नाही. रक्त पातळ करायची गोळी विचारल्याशिवाय बंद करायची नाही.

बाकी गुडघा काही महिने कोमट लागणं, टाक्याच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा, चालताना बारीक कट् असा आवाज, याने घाबरू नका. रात्री झोप न लागणं मात्र खरंच छळते, पहिले काही आठवडे आईंजवळ कोणीतरी झोपा. मध्यरात्री त्यांना उगाच वाटेल की कशाला केलं हे ऑपरेशन, तेव्हा कोणी बोलायला पाहिजे.

उद्या फिजिओ आले की दोन्ही आकडे विचारा, वाकतो किती आणि सरळ व्हायला कमी किती पडतो, आणि इथे टाका. दर आठवड्याला तेच दोन आकडे लिहून ठेवा, डॉक्टरांनाही तेच दाखवायचे.