माळरानाचा नकाशा कोणता खरा?

प्रश्न : नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या आसपासचे माळरान सरकारी दप्तरात पडीक ठरते, तर जागतिक जैवभौगोलिक नकाशात आमचा सोलापूर जिल्हा दख्खनच्या काटेरी झुडपी वनांच्या प्रदेशात दाखवलेला असतो. यांतले ग्राह्य काय धरावे? आणि आम्ही हौशी पक्षीनिरीक्षक ज्या नोंदी करतो, त्या अशा कामी येतात का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : दप्तरातली नोंद जमिनीचा वापर सांगते, तेथे कोण जगते, हे पाहणे तिचे कामच नाही. जागतिक नकाशा ते पाहतो, परंतु २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मूळ आवृत्तीत साऱ्या पृथ्वीची जमीन अवघ्या ८६७ प्रदेशांत विभागलेली असल्याने उजनी धरणाचा पाणफुगवटा आणि नान्नजचा माळ एकाच रंगात बुडून जातात. शिवाय काटेरी झुडपी वन म्हटले की तेथे झाडे लावणे हेच संवर्धन, असा समज सहज होतो. माळावर गिरिपुष्पासारखी झाडे लावली, की पवन्या, मारवेल यांसारखी गवते सावलीत मागे पडतात आणि उघड्या जमिनीवर अंडी घालून दूरवर नजर ठेवणाऱ्या धाविक, माळटिटवी यांसारख्या पक्ष्यांची जागाच जाते. माळढोकाचे वेगळे सांगायला नकोच. म्हणून २०२२ साली मधुसूदन आणि वनक या संशोधकांनी उपग्रहचित्रांच्या आधारे काढलेला, देशातील निमशुष्क मोकळ्या नैसर्गिक परिसंस्थांचा, म्हणजे माळराने, विरळ झुडपे अशा उघड्या प्रदेशांचा नकाशा मला अधिक उपयोगाचा वाटतो. त्यानुसार देशाची सुमारे १० टक्के जमीन या प्रकारात मोडते.

तुमच्या नोंदी नक्कीच कामी येतात, मात्र एक अडचण आहे. निरीक्षक जातात ते अभयारण्यात, तलावावर, फार तर डांबरी रस्त्याच्या कडेला. या नोंदींची पाऊस, तापमान, मृदा यांच्याशी सांगड घालून संगणक एखाद्या प्रजातीचा संभाव्य अधिवास दाखवतो, तेव्हा निरीक्षकांच्या वाटाच पक्ष्यांच्या वाटा म्हणून उमटण्याचा धोका असतो. त्यामुळे केवळ दुर्मीळ पक्षी न टिपता, ठरावीक वेळात दिसलेल्या सर्व प्रजातींची पूर्ण यादी, लागलेला वेळ आणि चाललेले अंतर यांसह नोंदवावी. काय दिसले नाही हे त्यावरूनच कळते. कोणी फिरकत नाही अशा एखाद्या गायरानाची, चंडोलांपलीकडे काहीही नसलेली यादी मला नान्नजच्या शंभराव्या यादीपेक्षा मोलाची वाटते.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीच्या समितीने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. कोणत्या उतारावर कुसळी गवत वाढते, लांडग्याची वीण कोठे होते, हे मेंढपाळांना विचारून तीत नोंदवून घ्यावे, म्हणजे माळावर झाडांसाठी खड्डे खणण्याचा प्रस्ताव आला तर हरकत घेण्यास गावचाच कागद हाताशी राहील.