डिझेल गाडी अन् अ‍ॅव्हरेज: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी आलेले जवळपास सगळे प्रश्न डिझेलच्या अ‍ॅव्हरेजचेच निघाले, त्यामुळं सीट कव्हर अन् म्युझिक सिस्टीमवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा.

प्रश्न : दादा, माझी डिझेल सेडान आहे. घेताना शोरूमवाला छातीठोक २६ सांगत होता अन् इथं गाडी १६-१७ च्या वर जाईना झालीय. दाखवायला नेली की म्हणतेत गाडीत फॉल्ट नाही, तुमचा पाय जड आहे. माझा पाय जड का त्येंची जीभ हलकी? (एक वाचक, लातूर)

भाऊ, दोन्ही थोडं थोडं असंल. तो २६ चा आकडा टेस्टमधला आहे. टेस्टला गाडी रस्त्यावर जातच नाही, रोलरवर चढवतात, साधारण वीस मिनिटं ठरलेल्या पद्धतीनं पळवतात, जास्तीत जास्त स्पीड ९० अन् सरासरी बत्तीस-तेहतीस, एसी बंद, समोरून वारा नाही, मागं सासुरवाडीची माणसं नाहीत, डिकीत ज्वारीचं पोतं नाही. सगळ्या कंपन्यांना तीच टेस्ट, म्हणून दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा बरा, पण खिशाचा हिशोब त्याच्यावर करायचा नसतो. हायवेला त्यातले चार-पाच कमी धरा अन् गावात तर अजून खाली.

आता तुमचे १६-१७ कशे मोजले ते तुम्ही लिहिलंच नाही, अन् खरी गोम तिथंच असती. मीटरवर दिसणारा आकडा बऱ्याच गाड्यांत जरा खुशीतला असतो. पाचशे रुपयाचं डिझेल टाकून काटा बघत मोजणारे तर भरपूर आहेत, त्या हिशोबाला काही अर्थ नाही, कारण पाचशेत साडेपाच लिटरच्या आसपास येतं अन् डिझेलला फेस लई येतो, नोझल कधी आधी कट होतं कधी नंतर, एका लिटरचा फरक पडला की तुमचं अ‍ॅव्हरेज तीननं वर नाहीतर खाली. म्हणून टाकी टू टाकी मोजा. ऑटो कटला टाकी फुल करा, वरून अजून दहाचं-वीसचं कोंबू नका, ट्रिप मीटर झिरो करा, टाकी पाव राहीपर्यंत नेहमीसारखी चालवा अन् त्याच पंपावर, जमलं तर त्याच मशीनवर परत ऑटो कटला भरा. ५०० किलोमीटरला २८ लिटर बसलं तर १७.९ झालं. असं तीन-चार टाक्या करून सरासरी काढा.

अन् एवढं करून १७ च आलं, तर रनिंग कुठलं आहे ते बघा. गंजगोलाईत सकाळच्या गर्दीत पहिला-दुसरा गिअर, हाफ क्लच, इंजिन अजून गार, तीन किलोमीटरवर दुकान, असं असंल तर १६-१७ वाईट नाही ओ. गार इंजिन डिझेल जास्त पितं अन् तीन किलोमीटरमध्ये ते नीट गरमच होत नाही. वरून मे महिन्यात ४२ डिग्रीत गाडी उभी करून एसी लावून कुणाची तरी वाट बघत बसायची सवय असती आपल्याकडं, तर उभ्या गाडीला तासाला अर्धा ते एक लिटर जातंच अन् किलोमीटर मात्र शून्य. टायरमधली हवाही बघा, पण सकाळी गाडी गार असताना, अन् आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा धरा, हवावाला अंदाजानं भरतो तो नाही.

प्रश्न : बीएस-६ डिझेल गाडी आहे, घर ते शाळा चार किलोमीटर, एवढाच वापर. सारखा फिल्टरचा पिवळा लाईट लागतो, त्या वेळी अ‍ॅव्हरेज एकदम पडतं अन् गाडी बंद केल्यावरही फॅन जोरात चालू राहतो. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो फिल्टरच काढून टाकू. काढावा का? (एक शिक्षिका, परभणी)

नका काढू ताई. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ म्हणजे गाडीच्या धुराचे कडक नियम आले अन् डिझेल गाड्यांना सायलेन्सरच्या लाईनमध्ये डीपीएफ नावाचा फिल्टर आला. धुरातली काजळी तो अडवतो. काजळी साठली की गाडी स्वतःच जादा डिझेल सोडून तो फिल्टर सहाशे डिग्रीच्या आसपास तापवती अन् काजळी जाळून टाकती. अ‍ॅव्हरेज पडतं ते त्याच वेळी, अन् फॅनचा आवाजही त्याचाच. म्हणजे गाडी बिघडलेली नाही, ती तिचं काम करायलीय, फक्त तुम्ही मध्येच शाळा आली म्हणून चावी बंद करता अन् काम अर्धवट राहतं. परत दुसऱ्या दिवशी तेच. जादाचं डिझेल पण जळतं अन् फिल्टर पण साफ होत नाही. सारखं असं झालं तर न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, म्हणून ऑइलची पट्टी काढून बघत जा, लेव्हल वाढलेली दिसली तर खुश होऊ नका, लगेच ऑइल बदला.

उपाय सोपा आहे. आठ-दहा दिवसातून एकदा गाडी हायवेला काढा, वसमत रोडला म्हणा नाहीतर पाथरीकडं, अन् वीस-पंचवीस मिनिटं न थांबता ६०-७० च्या स्पीडनं, वरचा गिअर न टाकता, इंजिन दोन हजार आरपीएमच्या आसपास ठेवून चालवा. लाईट विझंल. तरीही विझला नाही, नाहीतर लाल लागला, तर मात्र शोरूमलाच न्या, तिथं मशीन लावून फिल्टर साफ करतात. फिल्टर काढला तर वॉरंटी जाती, गाडी कायद्यात बसत नाही अन् मागून येणाऱ्या लेकरांच्या तोंडात काजळी, तुम्ही तर शाळेतच शिकवता. अन् वाईट वाटून घेऊ नका, पण रोज चार किलोमीटरला डिझेल घ्यायलाच नको होती, हे विकणाऱ्यानं सांगायला पाहिजे होतं.

प्रश्न : मांजरसुंबा घाट उतरताना मी न्यूट्रल करतो, डिझेल वाचतं. बायको भांडती. कोण बरोबर? (एक वाचक, बीड)

वहिनी. गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की आजकालच्या कॉमन रेल (कॉम्प्युटरवर डिझेल सुटणाऱ्या) इंजिनात डिझेलचा पुरवठाच बंद होतो, चाकं इंजिनाला फिरवत राहतात. न्यूट्रल केलं की इंजिन चालू ठेवायला डिझेल द्यावंच लागतं. म्हणजे वाचवायला जाऊन तुम्ही जाळायलात, अन् सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापले की पाय कितीही दाबा, गाडी थांबत नसती. समोर उसाची डबल ट्रॉली असंल तर काय कराल? ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा.

प्रश्न : समृद्धीवरून जालना-नागपूर केलं, रस्ता लोण्यासारखा, ट्रॅफिक नाही, तरी अ‍ॅव्हरेज जुन्या रोडपेक्षा कमी बसलं. असं कसं? (एक व्यापारी, जालना)

शेठ, १२० नं गेले असाल. तिथं तेवढी लिमिट आहे पण गाडीला ते फुकट पडत नाही. हवेचा विरोध स्पीडच्या वर्गानं वाढतो, ८० वरून १२० केलं की स्पीड दीडपट अन् विरोध सव्वादोनपट. वर कॅरिअर असंल तर विचारूच नका, रिकामं असंल तर काढून ठेवा. ८०-९० वर टाकी मोजून बघा, आकडा स्वतःच बोलंल. त्या रस्त्यावर टायरची हवा आधी बघत जा, अ‍ॅव्हरेजसाठी नाही, जिवासाठी.

प्रश्न : डिझेलच्या पाइपला बसवायचं मॅग्नेट अन् टाकीत टाकायची बाटली, यानं अ‍ॅव्हरेज वाढतं का? अन् पंपावर माप कमी देतात असा डाऊट आहे. (एक वाचक, नांदेड)

मॅग्नेट नाही. बाटली नाही. मापाचा डाऊट असंल तर प्रत्येक पंपावर वैधमापन खात्यानं शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं, गिऱ्हाइकाला ते मागायचा हक्क आहे, समोर पाच लिटर मोजून दाखवा म्हणा. चिडून नका बोलू, नुसतं माप मागितलं तरी बऱ्याच ठिकाणी नोझलवाला सरळ होतो.

प्रश्न : नवीन एसयूव्ही घ्यायचीय, पेट्रोल घ्यावी का डिझेल? डिझेल सव्वा लाखानं महाग आहे. घरचे म्हणतेत डिझेलच घ्या, अ‍ॅव्हरेज देती. (एक वाचक, धाराशिव)

अ‍ॅव्हरेज देती हे खरं. डिझेलच्या एका लिटरात पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के ताकद जास्त असती, इंजिनाचं कॉम्प्रेशनही जास्त, म्हणून तेवढ्याच रस्त्याला डिझेल कमी लागतं. पण वाचलेला पैसा रनिंगवर ठरतो. हिशोबाला पेट्रोल १०५ अन् डिझेल ९१ धरू, तुमच्या पंपावरचा भाव घालून तुम्ही परत करा. पेट्रोल गाडीला खऱ्या रस्त्यावर १५ मिळालं तर किलोमीटरला ७ रुपये, डिझेलला २० मिळालं तर ४ रुपये ५५ पैसे, किलोमीटरमागं २ रुपये ४५ पैसे वाचले. सव्वा लाखाला भागा, ५१ हजार किलोमीटर झाले की फरक वसूल. सर्व्हिसिंग डिझेलची थोडी महाग पडती ते वेगळं.

महिन्याला दोन हजार किलोमीटर होत असतील, सोलापूर-संभाजीनगर असं सारखं येणं-जाणं असंल, तर दोन-सव्वादोन वर्षात पैसे निघतात, डोळे झाकून डिझेल घ्या. महिन्याला पाचशे होत असतील तर आठ-साडेआठ वर्षं लागतील अन् तोपर्यंत परभणीच्या ताईंसारखा पिवळा लाईट बघत बसाल, तिथं पेट्रोलच बरी. घरच्यांचं ऐकू नका म्हणत नाही, पण "आपलं रनिंग लई आहे" असं प्रत्येकाला वाटत असतं. शोरूमला जायच्या आधी जुन्या गाडीच्या सर्व्हिसिंगच्या पावत्या काढा, प्रत्येकीवर तारीख अन् किलोमीटर लिहिलेले असतात, दोन वर्षांच्या वजा केल्या की खरं रनिंग किती ते कळंल.