ओलान्झापिन, अकरा किलो आणि मामांचा सल्ला

ताई, तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. मुलगा २३ वर्षांचा. शेजारच्या बोअरच्या मोटारीतून लोक आपल्याबद्दल बोलतात म्हणायचा, रात्र रात्र जागायचा. चार महिन्यांपासून ओलान्झापिन, म्हणजे असे भास-भ्रम थांबवणारी गोळी, १० मिलीग्रॅम चालू आहे. आवाज थांबले. पण वजन ५४ वरून ६५ वर गेलं, सकाळी दहाशिवाय उठत नाही, आणि स्वतःच म्हणतो, 'डोकं रिकामं झालंय.' त्याचे मामा म्हणतात, पोरगं बरं झालं, आता बंद करा, नाहीतर जन्माची सवय लागंल. आणि तुम्ही विचारताय, फायदा जास्त की नुकसान?

मी डॉक्टर नाही. औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. माझ्या धाकट्या दिरांना स्किझोफ्रेनिया आहे, चौदा वर्षं झाली. त्यांच्या गोळ्या, रक्ताचे रिपोर्ट, लातूरच्या चकरा, सगळं माझ्याकडं. तेवढ्याच अधिकारानं लिहिते.

मामांचं ऐकून उद्यापासून गोळी बंद करू नका. आधी हे पक्कं.

आम्ही केली होती बंद. २०१४ चा जून. भावजी दीड वर्ष चांगले होते, पेरणीची घाई होती, आणि गोळीनं त्यांना सकाळी उठवत नव्हतं. पंधरा दिवसांत माणूस असा फुलला की काय सांगू. सहाला शेतात, दुपारी लेकरांसोबत हसणं, पोट उतरलेलं. सासूबाई तर म्हणाल्या, आजार नव्हताच, गोळ्यांनीच केलं होतं सगळं. खरं सांगते, मलाही तेच वाटलं. जुलै गेला. ऑगस्टात झोप कमी झाली, ती आम्ही शेतीच्या कामावर ढकलली. आणि पोळ्याच्या दिवशी बैल सजवून दारात उभे, ओवाळायला सगळे बाहेर, भावजी मात्र आतल्या खोलीत कानात बोटं घालून बसलेले. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांमधून आपलं नाव घेतायत म्हणाले. पुढं काय काय झालं ते लिहीत नाही. एवढंच की आधी ज्या डोसवर ते दीड वर्ष चांगले राहिले, त्या डोसवर पुन्हा कधी तसे झाले नाहीत.

गोळी सोडल्याचा फायदा आठवड्यात दिसतो आणि नुकसान दोन-तीन महिन्यांनी, कधी सहा महिन्यांनी. म्हणून मामांसारख्यांचा सल्ला सुरुवातीला नेहमी खराच ठरतो!

आकड्यांत सांगायचं तर २०१२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अशा गोळ्यांच्या ६५ चाचण्यांचा एकत्र हिशेब आला होता, जवळपास साडेसहा हजार रुग्णांचा. गोळी चालू ठेवलेल्यांपैकी वर्षभरात १०० मधल्या २७ जणांचा आजार उलटला. औषध नसलेली खोटी गोळी दिलेल्यांत तो ६४ जणांचा उलटला. फरक मोठा आहे. पण हाच हिशेब दुसऱ्या बाजूनंही वाचा. गोळी घेऊनही २७ जणांना झालंच, आणि गोळीविना ३६ जण त्या वर्षात ठीक राहिले. तुमचा मुलगा त्या ३६ मधला आहे का, हे आज कुणालाच सांगता येत नाही. म्हणून पहिल्या झटक्यानंतर डॉक्टर साधारण वर्ष-दोन वर्षं गोळी चालू ठेवायला सांगतात आणि मग कमी करायचा विचार करतात. चार महिने म्हणजे अजून प्लॅस्टरसुद्धा काढायचं नाही.

सवयीचं म्हणाल तर दारू-गुटख्यासारखी तलफ या गोळ्यांची येत नाही. शरीर मात्र त्यांना सरावतं. एकदम तोडली तर झोप उडते, मळमळतं, जीव घाबरा होतो. कमी करायचीच वेळ आली तर महिन्या-महिन्यांनी थोडी थोडी, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

आता दुसरी बाजू, आणि मला खरं तर यावरच लिहायचंय. गोळीचा फायदा घराला दिसतो. आरडाओरडा थांबतो, सासूबाईंना झोप लागते, शेजारी येणंजाणं सुरू करतात. त्रास मात्र एकट्या त्याच्या अंगाला. मग 'फायदा जास्त' असं ठरवतं कोण? आपणच, ज्यांच्या पोटात ती गोळी जात नाही.

२०११ मध्ये भावजींना सुरुवातीला हॅलोपेरिडॉल होतं, याच कामाचं जुनं औषध. आठ-दहा दिवसांत ते रात्री अंगणात फेऱ्या मारायला लागले. तुळशीपासून गोठ्यापर्यंत, परत तुळशीपर्यंत. जेवायला बसले की दोन घास झाले की उठायचे. 'वहिनी, मला बसवत नाही हो,' एवढंच म्हणायचे. आम्हाला वाटलं आजार वाढला. तेव्हाच्या डॉक्टरांनाही तसंच वाटलं, त्यांनी डोस वाढवला. फेऱ्या दुप्पट झाल्या. अंगणात पायवाट पडली होती, खोटं नाही सांगत. महिनाभरानं दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा आमच्याऐवजी त्यांना विचारलं, 'अस्वस्थता मनात आहे की पायात?' भावजी म्हणाले, पायात. मुंग्या चालल्यासारखं. बाईंनी डोस उतरवला, प्रोप्रॅनोलॉल दिलं, आठवड्यात माणूस ताटावर बसून जेवला. याला अकॅथिसिया म्हणतात. गोळीचा त्रास आजारासारखा दिसतो आणि मग त्या त्रासावर तीच गोळी वाढवली जाते, असं होऊ शकतं. हे कुणीतरी मला आधी सांगायला पाहिजे होतं.

असाच घोटाळा मान वाकडी होण्याचा. सुरुवातीच्या दिवसांत एखाद्याची मान एका बाजूला ओढली जाते, डोळे वर जातात, जीभ आखडते. आपल्याकडं लोक लगेच म्हणतात, बाहेरचं आलं, देवऋषीकडं न्या. स्नायूंचं आखडणं असतं ते. दवाखान्यात एका इंजेक्शननं थोड्याच वेळात उतरतं.

२०१४ च्या झटक्यानंतर भावजी गोळी घेईनात. मी काय केलं? कुटून कढीत घातली. तीन महिने. घर शांत झालं, मी स्वतःवर खूश. एक दिवस वाटीच्या तळाशी पांढरा गाळ राहिला. त्यांनी बोट फिरवून चाखलं आणि माझ्याकडं नुसतं बघितलं. त्यानंतर वर्षभर माझ्या हातचा चहासुद्धा घेतला नाही. 'जेवणात विष घालतात' असं आजारात वाटणाऱ्या माणसाला मी ते खरं करून दाखवलं होतं. त्या तीन महिन्यांत त्यांना जो काही त्रास झाला असेल तो कशाचा, हे कळायला त्यांना मार्गच नव्हता. ताई, कितीही वेळ आली तरी हे करू नका.

पुढं दोन औषधांनी नीट गुण येईना म्हणून २०१७ मध्ये क्लोझापिनची गोष्ट निघाली. बाकी औषधं हरतात तिथं चालणारी गोळी, पण १०० मधल्या एखाद्यापेक्षाही कमी लोकांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक इतक्या घसरतात. म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं. शिवाय लाळ गळते आणि बद्धकोष्ठ होतं. बद्धकोष्ठ हसण्यावारी नेऊ नये, आतडं बंद पडून माणूस दगावू शकतो. यावेळी डॉक्टरांनी हे सगळं भावजींना समोर बसवून सांगितलं. त्यांनी चार दिवस मागून घेतले. पाचव्या दिवशी म्हणाले, 'लाळ परवडली वहिनी, आवाज नको.' आजही उशीवर टॉवेल टाकून झोपतात. दर बुधवारी रक्त द्यायला एसटीनं स्वतः जायचे, कधी आठवण करावी लागली नाही.

तुमच्या मुलाकडं येते. ओलान्झापिन वजनाला फार वाईट, यात लपवण्यासारखं काही नाही. अमेरिकेत दीड हजाराच्या आसपास रुग्णांवर एक मोठी पाहणी झाली, २००५ मध्ये छापून आली. दीड वर्षात १०० मधल्या ७४ जणांनी दिलेली पहिली गोळी सोडली किंवा बदलली. त्यातल्या त्यात ओलान्झापिनवर लोक जास्त टिकले आणि वजनही त्याच्यावरच सगळ्यात जास्त वाढलं. म्हणजे गोळीचा गुण आणि अवगुण एकाच ताटात. त्याची भूक ही आळशीपणाची किंवा हावरटपणाची नाही. गोळी पोट भरल्याची खूणच पुसून टाकते. 'किती खायलास' म्हणून त्याला टोकू नका. भाकरी तीच ठेवा, फरसाण-बिस्किटं-गोड चहा घरातून कमी करा, सगळ्यांसाठीच. चार महिन्यांत वजनाचा पाचवा हिस्सा वाढलाय, हे डॉक्टरांना ठासून सांगायचं. वजन आवरायला मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) जोडता येईल का, किंवा ॲरिपिप्राझोलसारखी वजनाला सौम्य गोळी हळूहळू बदलून घेता येईल का, असं विचारा. बदलण्यातही जोखीम असते, आणि ॲरिपिप्राझोलनं काहींना वर सांगितलेली ती पायांची अस्वस्थता येते. पण विचारायला काय जातं? उपाशीपोटी साखर, चरबी, बीपी आणि कंबरेचं माप आत्तापर्यंत झालं नसेल तर ते आधी.

झोपेचं त्या मानानं सोपं. गोळी रात्री किती वाजता घेतो? अकराला टीव्ही बघून घेत असेल तर साडेआठला आणा. बऱ्याचदा तेवढ्यानं सकाळ सुधारते.

'डोकं रिकामं झालंय' हे मात्र सगळ्यात गंभीर, आणि घरचे नेमकं तेच सोडून देतात. आमच्याकडंही तसंच झालं, शांत आहे ना मग बास! हे रितेपण आजाराचंच असू शकतं, उदासीचं असू शकतं किंवा डोस जास्त झाल्याचं. या गोळ्या मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनाची वाट अडवतात. साधारण ६५ टक्के वाट अडली की गुण यायला लागतो, ८० च्या आसपास गेली की हातपाय आखडणं वाढतं, जास्तीचा गुण काही येत नाही. पाटाचं दार अर्धं खाली केलं तर रान भिजण्यापुरतं पाणी येतं, पूर्ण पाडलं तर पीक वाळतं, तसं. १० मिलीग्रॅमवरून थोडं खाली येऊन चालेल का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. त्याचं उत्तर मात्र तपासणारे डॉक्टरच देतील.

आपल्या भागाच्या म्हणून दोन गोष्टी, ज्या पुण्या-मुंबईचे लोक सांगत नाहीत. या गोळ्यांनी शरीराला उष्णता नीट आवरता येत नाही. कंप-आखडण्यासाठी पॅसिटेन सोबत असेल तर घामही कमी येतो. परभणीचा मे महिना तुम्हाला मी काय सांगू. ४३-४४ डिग्रीत त्याला दुपारचं रानात पाठवू नका, पाणी हाताशी ठेवा. आणि ताप, अंग लाकडासारखं ताठ, बोलण्यात भ्रम असं एकत्र दिसलं तर गोळीचा पुढचा डोस न देता त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात. ऊन लागलं असेल किंवा गोळीची एक दुर्मीळ जीवघेणी प्रतिक्रिया असेल, दोन्हीत थांबायचं नसतं.

दुसरं, बिडी. धुरामुळं यकृत ओलान्झापिन आणि क्लोझापिन लवकर संपवतं. बिडी ओढत असेल आणि एकदम सोडली तर तोच डोस जड पडतो, माणूस पेंगत राहतो. सोडावीच, पण डॉक्टरांना सांगून. तंबाखू मळून खाण्याचा असा परिणाम होत नाही, करामत धुराची आहे. (याचा अर्थ तंबाखू चांगली असा मामांनी काढू नये.)

पैशाचं थोडक्यात. राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला, आपल्या मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही नाही. पण ओलान्झापिनसाठी तिकडं जायची गरजही नाही. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत मिळते, आणि तिथं संपलेली असली तर जनऔषधी दुकानात स्वस्त पडते. पाच-सहा दिवसांच्या गोळ्या नेहमी जास्तीच्या ठेवा. रात्री-अपरात्री काही विचारायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मोफत आहे, मराठीत बोलतात.

पुढच्या ओपीडीच्या आधी एक वही करा. एका पानावर तुम्ही लिहा, समोरच्या पानावर त्याला लिहू द्या. तुमचं पान त्यानं वाचावं, त्याचं तुम्ही वाचा, पण खाडाखोड कुणी करायची नाही. डॉक्टरांकडं पाच मिनिटंच मिळतात, त्यातली पहिली तीन त्याला बोलू द्या. आमच्या वहीत मी लिहिलं होतं 'आता शांत आहेत', आणि त्याच तारखेला समोर भावजींनी लिहिलं होतं 'हसू येत नाही'. डोस त्या एका ओळीवरून बदलला.

आणि साखर तपासायची म्हणून उपाशी न्याल तेव्हा पहिल्या एसटीनं निघा, नमुने घेण्याची खिडकी लवकर बंद होते. भाकरी-भाजी डब्यात बांधून घ्या. ओलान्झापिनवरचं लेकरू रक्त देऊन बाहेर आलं की समोरच्या वडापावच्या गाड्यावरून त्याला हलवणं अवघड असतं.